कापलेल्या कराचा हिशेब

बंगळूरच्या एखाद्या कचेरीत ऑक्टोबर महिन्यात रुजू झालेल्या पगारदाराचे उदाहरण घ्यावे. २०२५-२६ या आर्थिक वर्षात एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत तो एका कंपनीत दरमहा १,००,००० रुपये वेतनावर होता. ऑक्टोबरपासून तो दुसऱ्या कंपनीत १,३०,००० रुपयांवर गेला. पहिल्या मालकाने त्याचे वर्षाचे वेतन १२,००,००० रुपये धरले, त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वगळली आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत राहते म्हणून प्राप्तिकराचा एक पैसाही कापला नाही. दुसऱ्या मालकाने सहा महिन्यांत आपण देणार असलेले ७,८०,००० रुपये तेवढे पाहिले, त्यातून पुन्हा तीच ७५,००० रुपयांची वजावट दिली आणि त्यानेही काही कापले नाही. वर्षभर वेतनचिठ्ठीवरील कराच्या रकान्यात शून्य दिसत राहिले. ते पाहून घरभाडे, गावाकडचे देणे, मुलांच्या शाळेची फी यांचा मेळ घातला गेला. वर्ष संपल्यावर विवरणपत्र भरायला बसल्यावर मात्र दोन्ही वेतनांची बेरीज १३,८०,००० रुपये झाली. वजावट एकदाच मिळते, ती जाता करपात्र उत्पन्न १३,०५,००० रुपये उरले. १२ लाखांची मर्यादा ओलांडली गेल्याने करमाफी गेली. कर ७५,७५० रुपये, त्यावर ४ टक्के उपकर ३,०३० रुपये, असे एकूण ७८,७८० रुपये देणे अंगावर आले. ते जुलैमध्ये भरले तर आगाऊ कर वेळेवर न भरल्याबद्दल सुमारे ७,००० रुपये व्याज वेगळे.

या व्यवहारात कोणी लबाडी केलेली नाही. पहिल्या मालकाचा हिशेब बरोबर आहे, दुसऱ्याचाही बरोबर आहे, आणि कामगाराने तर काहीच लपविलेले नाही. तरीही दंडासारखे व्याज भरण्याची पाळी त्याच्यावरच आली. दोन बरोबर हिशेबांची बेरीज चुकीची ठरावी आणि त्या चुकीची किंमत तिघांपैकी सर्वांत दुबळ्याने मोजावी, अशी ही रचना आहे. ती कशी चालते हे समजून घेणे प्रत्येक पगारदाराच्या हिताचे आहे. ती कोणाच्या सोयीने चालते हे समजून घेणे कामगार चळवळीचे काम आहे.

हा प्रश्न बंगळूरमध्ये जितका ठळक दिसतो तितका क्वचितच दुसऱ्या शहरात दिसत असेल. एके काळी हे शहर सार्वजनिक क्षेत्राच्या कारखान्यांचे होते. हिंदुस्थान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, हिंदुस्थान मशीन टूल्स, भारत अर्थ मूव्हर्स या कारखान्यांत माणूस विशीत शिरे आणि साठीच्या उंबरठ्यावर बाहेर पडे. डिसेंबर १९८० ते मार्च १९८१ असा ७७ दिवस चाललेला सार्वजनिक क्षेत्रातील कामगारांचा ऐतिहासिक संप शक्य झाला तो या स्थैर्याच्या पायावरच. एकच मालक, एकच वेतनपत्रक, एकच संघटना, आणि म्हणून कराचा हिशेबही एकाच जागी. ते जग आज उरलेले नाही. एचएमटीची घड्याळे बनविणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये घेतला. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला गेली आणि तिच्या मागोमाग संगणक व्यवसायाची एक नवी नगरीच तेथे उभी राहिली. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सोलापूर, पुणे येथून मराठी तरुण-तरुणी तेथे नोकरीसाठी गेल्या व जात आहेत. या नव्या नगरीत नोकरी ही काही वर्षांची, कधी काही महिन्यांचीच वस्ती असते. कधी कामगार वेतनवाढीसाठी स्वतः नोकरी सोडतो, कधी कंत्राट संपते, कधी एका सकाळी बोलावून राजीनामा लिहून घेतला जातो. करकायदा मात्र अजूनही मनाने जुन्या कारखान्याच्या फाटकाशीच उभा आहे. त्याच्या दृष्टीने पगारदाराला मालक एकच.

कायद्याची पद्धत अशी आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९२ प्रमाणे मालकाने कामगाराच्या वर्षभराच्या वेतनाचा अंदाज बांधावयाचा, त्यावर होणारा कर काढावयाचा आणि तो महिन्यांत वाटून वेतनातूनच कापावयाचा. कापलेली रक्कम पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारजमा करावयाची. मार्चच्या कपातीसाठी ही मुदत ३० एप्रिलपर्यंत असते. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा प्राप्तिकर कायदा घेतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' ही गोंधळाची जोडी जाऊन 'करवर्ष' आले, पण वेतनातून अंदाजाने कर कापण्याचे तत्त्व कलम ३९२ मध्ये जसेच्या तसे राहिले. २०२५-२६ चे हिशेब तर जुन्याच कायद्याने होतात.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणाऱ्यासाठी जुन्या कायद्यात एक तरतूद आहे. आधीच्या मालकाकडून मिळालेले वेतन, तेथे मिळालेल्या वजावटी आणि तेथे कापला गेलेला कर यांचा तपशील कामगार 'नमुना १२-बी'मध्ये भरून नव्या मालकाला देऊ शकतो. तो दिला की दोन्ही वेतने एकत्र धरून कर कापणे नव्या मालकावर बंधनकारक होते. वरील उदाहरणातील कामगाराने ऑक्टोबरमध्येच हा नमुना दिला असता तर ७८,७८० रुपये सहा महिन्यांत विभागून दरमहा १३,१३० रुपये कापले गेले असते. तेही जड, पण पेलणारे. जानेवारीत जाग आली असती तर उरलेल्या तीन महिन्यांतून दरमहा २६,२६० रुपये गेले असते. अनेकांच्या घरी फेब्रुवारी-मार्चचे वेतन एकाएकी आटते त्याचे कारण येथे आहे. कर वाढलेला नसतो. वर्षभराची वसुली वर्षाच्या शेपटीवर आलेली असते.

आता नीट पाहावे. कायदा म्हणतो की कामगार हा तपशील देऊ शकतो. नव्या मालकाने तो मागितलाच पाहिजे असे नाही, जुन्या मालकाने तो तयार करून दिलाच पाहिजे असेही नाही. सांगायचे कामगाराने, न सांगितल्याचे व्याज कामगाराने, आणि सांगण्यात जो धोका आहे तोही कामगाराचाच. नव्या मालकापुढे जुने वेतन पैन्‌पै उघडे करणे म्हणजे वेतनाच्या वाटाघाटीत आपल्या हातची पाने दाखविणे होय, हे कोणताही कामगार ओळखतो. ज्याला हे टाळावयाचे असेल त्याला एक मार्ग मोकळा आहे. दोन्ही वेतनांवर होणारा कर स्वतः काढून तो आगाऊ कर म्हणून थेट भरता येतो. त्याच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. वर्षाचे उरलेले देणे १०,००० रुपयांच्या आत असेल तर हे बंधन नाही. पण ज्याच्या हाती केवळ वेतनचिठ्ठी येते, त्याला या चार तारखा सांगतो कोण?

नोकरी बदलताना आणखी एक बारकावा निसटतो. २०२३-२४ पासून नवी करपद्धती ही मूळ पद्धती ठरविण्यात आली. कामगाराने जुनी पद्धती हवी असे मालकाला कळविले नाही, तर नव्या पद्धतीनेच कर कापला जातो. पहिल्या कचेरीत घरभाडे, आयुर्विमा, भविष्यनिर्वाह निधी दाखवून जुनी पद्धती निवडलेली असते. दुसऱ्या कचेरीत रुजू होताना वीस कागदांवर सह्या होतात आणि त्यांत हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मग अर्धे वर्ष एका पद्धतीने व अर्धे दुसऱ्या पद्धतीने कापणी होते. निर्णय अखेर विवरणपत्रातच होतो. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला तेथे पद्धती निवडण्याची मुभा आहे, पण जुनी पद्धती हवी असल्यास विवरणपत्र मुदतीत भरले पाहिजे. याउलट दोन्ही मालकांकडे तीच विम्याची पावती, तेच घरभाडे दाखविले गेले, तर वजावट दोनदा मिळाल्यासारखी दिसते आणि वर्षअखेर तिचीही वसुली होते. घरभाड्याच्या सवलतीतही बंगळूरच्या पगारदाराच्या वाट्याला दुय्यम स्थान आले होते. १९६२ च्या नियमांत मुंबई, कोलकाता, दिल्ली आणि चेन्नई या चार शहरांना वेतनाच्या ५० टक्क्यांची मर्यादा होती. भाड्याने कंबरडे मोडणाऱ्या बंगळूरला २०२५-२६ पर्यंत ४० टक्केच होती.

कमी कापणीपेक्षाही कठोर बाजू जास्त कापणीची आहे, कारण ती नोकरी गेलेल्या माणसाला गाठते. दरमहा १,५०,००० रुपये मिळविणाऱ्या संगणक अभियंत्याचे वर्षाचे वेतन १८ लाख धरले जाते. प्रमाणित वजावट जाता त्यावरील कर उपकरासह १,५०,८०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे १२,५६७ रुपये होतो. ऑगस्टअखेर त्याला कामावरून काढले आणि मार्चपर्यंत दुसरी नोकरी मिळाली नाही असे समजावे. त्याचे प्रत्यक्ष वेतन साडेसात लाख झाले. या उत्पन्नावर नव्या पद्धतीत काहीही कर लागत नाही. ऑगस्टच्या वेतनातून मालकाने हिशेब सुधारून काही कापले नाही असे धरले तरी एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत कापलेले ५०,२६७ रुपये सरकारजमा झालेले असतात. मालक ते परत देऊ शकत नाही आणि प्राप्तिकर खाते वर्ष संपून विवरणपत्र येईपर्यंत देत नाही. सप्टेंबरमध्ये घरात वेतन नाही, डिसेंबरमध्ये बचत संपत आली आहे, आणि न लागणाऱ्या कराचे पन्नास हजार रुपये तिजोरीत पडून आहेत. बेकाराने सरकारला दिलेले हे कर्जच नव्हे काय?

या कर्जाचे व्याजही पाहण्यासारखे आहे. कामगाराने कर उशिरा भरला तर १९६१ च्या कायद्याने त्याच्याकडून महिना १ टक्का घेतला. सरकारने परतावा उशिरा दिला तर त्याला महिना अर्धा टक्का दिला. एकाच खिडकीवर घेताना एक भाव आणि देताना त्याच्या निम्मा, असा व्यवहार गावच्या सावकाराने केला असता तर त्याला नाव काय दिले असते हे सांगावयास नको.

आणि कापलेला कर सरकारजमाच झाला नाही तर? ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे. बंगळूरच्याच किंगफिशर एअरलाइन्सने ती घडवून दाखविली. विजय मल्ल्या यांच्या मद्यउद्योगाच्या वैभवावर २००५ मध्ये उडू लागलेल्या या कंपनीने वैमानिक, हवाई सेविका, अभियंते, कारकून यांच्या वेतनातून प्राप्तिकर कापला आणि तो तिजोरीत भरला नाही. २०१२ च्या आरंभी प्राप्तिकर खात्याने तिची बँक खाती गोठविली. कर्मचाऱ्यांची वेतने महिनोन्‌महिने थकली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये उड्डाणे थांबली. मार्च २०१६ मध्ये मल्ल्या देशाबाहेर गेले. कर्मचारी मात्र येथेच राहिले. त्यांतील ज्यांना दुसऱ्या विमानकंपन्यांत कामे मिळाली त्यांच्यामागे जुन्या मालकाने गिळलेल्या कराच्या मागणीच्या नोटिसा आल्या. वेतनातून एकदा गेलेले पैसे पुन्हा भरा, असा त्यांचा अर्थ होता.

कायदा येथे मुळात कामगाराच्या बाजूने आहे. १९६१ च्या कायद्याचे कलम २०५ सांगते की वेतनातून कर कापला गेला असेल तर तेवढ्यापुरती कामगाराकडे मागणी करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हेच स्पष्ट केले. प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना तशा सूचना दिल्या आणि ११ मार्च २०१६ रोजी त्या पुन्हा बजावल्या. तरी किंगफिशरच्या एका वैमानिकाला गुजरात उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि निकाल लागला तो २०२१ मध्ये, म्हणजे कंपनीची विमाने जमिनीवर येऊन नऊ वर्षे झाल्यावर. असे का व्हावे? कारण एका कलमाने मागणीस बंदी केली, पण कराचे श्रेय देताना खाते पाहते ते सरकारजमा झालेल्या रकमेकडे. मालकाने भरलेच नाही तर कामगाराच्या नावापुढे जमा दिसत नाही. यंत्र तो फरक थकबाकी म्हणून छापते आणि पुढच्या वर्षीचा परतावा त्यात वळता करून घेते. न्यायालयात जाऊ शकेल तो वाचतो. इतर जण कटकट नको म्हणून भरून टाकतात.

मालकाला शिक्षा नव्हती असे नाही. कापलेला कर न भरल्यास १९६१ च्या कायद्याने महिना दीड टक्का व्याज आणि तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी ठेवली होती. पण कागदावरची सक्तमजुरी आणि कामगाराच्या दारात येणारी नोटीस यांचा वेग एकसारखा कधीच नव्हता.

वेतनातील कपात आणि नोकरीतील बदल यांचा प्रश्न काचेच्या इमारतींपुरता आहे असा समज करून घेणे चूक ठरेल. याच बंगळूरच्या रस्त्यांवर १८ आणि १९ एप्रिल २०१६ रोजी कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतील हजारो कामगार, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, उतरल्या होत्या. १० फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा ५८ व्या वर्षापर्यंत काढण्यास बंदी केली होती. शिलाईयंत्रावर बसणाऱ्या बाईची नोकरी दर काही वर्षांनी बदलते. दोन नोकऱ्यांच्या मधल्या दिवसांत मुलीचे लग्न, घरातील आजारपण, सावकाराचे देणे यांसाठी तिला तोच एक आधार असतो. कोणत्याही मोठ्या संघटनेच्या हाकेची वाट न पाहता या स्त्रियांनी होसूर रस्ता आणि तुमकूर रस्ता अडविला, लाठ्या खाल्ल्या, आणि दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारला ती अधिसूचना मागे घ्यावी लागली. वेतनातून कापलेला पैसा हा कामगाराचाच पैसा आहे, हे अर्थशास्त्र त्यांना कोणी शिकविले नव्हते.

त्या विजयानंतरही एक कात्री शिल्लक राहिली आणि ती प्राप्तिकराची आहे. पाच वर्षांची सलग सेवा होण्यापूर्वी निधी काढला आणि रक्कम ३०,००० रुपये (जून २०१६ पासून ५०,००० रुपये) वा अधिक असली तर १ जून २०१५ पासून १० टक्के कर कापला जाऊ लागला. पॅन क्रमांक दिला नसेल तर मार्च २०२३ पर्यंत ही कापणी ३४ टक्क्यांच्या वर जात असे. त्यानंतर ती २० टक्क्यांवर आणण्यात आली. ज्या बाईचे वर्षाचे उत्पन्न करमर्यादेच्या जवळपासही नाही तिच्या पुंजीतून हा कर जातो. ती विवरणपत्र भरत नाही आणि परतावा मागत नाही, म्हणून तो कायमचाच जातो. यावर उपाय आहेत, पण ते सांगावे लागतात. कर लागत नसेल तर निधी काढताना जुन्या कायद्यात 'नमुना १५-जी' देता येत असे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोकरी बदलताना निधी न काढता नव्या खात्यात वर्ग केला, तर जुन्या मालकाकडील वर्षे पाच वर्षांच्या हिशेबात धरली जातात. भविष्यनिर्वाह निधीत २०१४ पासून कामगाराला एकच सार्वत्रिक क्रमांक मिळाला आहे. मालक बदलला तरी तो बदलत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. महिना लाख-दीड लाख मिळविणाऱ्यांच्या कराची चिंता कामगारवर्गाच्या पक्षाने का वाहावी, असे काही प्रामाणिक सभासद विचारतील. शेतमजुराला वर्षातून शंभर दिवसांचे काम मिळत नाही, तेथे या पांढरपेशांचे दुःख ते काय? आक्षेपात तथ्य आहे आणि दुःखांची बरोबरी कोणी करीत नाही. प्राप्तिकराला विरोध ही तर समाजवाद्यांची भूमिका कधीच नव्हती. तीव्रपणे चढत जाणारा प्राप्तिकर ही १८४८ च्या जाहीरनाम्यातील उपाययोजनांपैकीच एक होती. ज्याचे उत्पन्न अधिक त्याने अधिक द्यावे, हे तत्त्व सोडण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हे तत्त्व आज कोणाला लागू होते आणि कोणाला नाही, हा.

पगारदाराचा कर वेतन हातात येण्यापूर्वीच जातो. त्याला लपविता येत नाही, पुढे ढकलता येत नाही, तोट्याच्या खात्यात बुडविता येत नाही. दुसरीकडे सप्टेंबर २०१९ मध्ये अन्य सवलती न घेणाऱ्या देशी कंपन्यांच्या नफ्यावरील मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला गेला. नव्या कारखानदारी कंपन्यांसाठी तो १५ टक्के झाला. परिणाम आकड्यांत दिसतो. २०२३-२४ मध्ये कंपन्यांकडून निव्वळ ९.११ लाख कोटी रुपये कर आला, तर व्यक्तींच्या प्राप्तिकरातून सुमारे १०.४ लाख कोटी. नफ्याने जो भार खाली ठेवला तो इतरांनी उचलला आणि त्यात मोठा वाटा वेतनाचा आहे. कामावरून कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या भरपाईची करमुक्त मर्यादा १९९७ पासून ५ लाख रुपयांवरच ठेवली गेली. त्या काळात रुपयाची किंमत किती उतरली हे घर चालविणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. भांडवलाला सवलत देण्यासाठी एका दुपारी अध्यादेश निघतो. बेकार झालेल्याची मर्यादा वाढविण्यास पाव शतक पुरत नाही.

शिवाय संगणकासमोर बसणारा माणूस आपले श्रमच विकतो. काचेच्या इमारतीतील पगारदार आणि होसूर रस्त्यावरील शिवणकामगार यांच्या वेतनांत दहापट अंतर असेल. पण दोघांच्याही वेतनातून मालकाच्या हाताने कापणी होते, कापलेले कोठे गेले हे दोघांनाही सहजी कळत नाही, आणि नोकरी सुटली की दोघेही त्या हिशेबाच्या बाहेर फेकले जातात. कर्नाटकात माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांची संघटना २०१७ पासून नोंदणी होऊन काम करीत आहे. चौदा तासांच्या कामाच्या दिवसाचा प्रस्ताव जुलै २०२४ मध्ये पुढे आला तेव्हा तिने त्याला जाहीर विरोध केला. अशा संघटनांना प्रत्येक सभासदाच्या वेतनचिठ्ठीपर्यंत पोचण्याचा सरळ रस्ता या प्रश्नात आहे.

तो रस्ता छोट्या, रोजच्या कामांनी तयार होतो. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाने शेवटच्या दिवसापूर्वी सर्व वेतनचिठ्ठ्यांच्या प्रती, शेवटच्या हिशेबाचा कागद आणि गुंतवणुकीच्या घोषणापत्राची प्रत स्वतःजवळ घ्यावी, कारण कचेरीचा संगणक दुसऱ्या दिवशी त्याला ओळखत नाही. नव्या ठिकाणी पहिल्याच महिन्यात आधीच्या वेतनाचा तपशील द्यावा किंवा कराचा फरक स्वतः भरावा. कोणती करपद्धती हवी ते लेखी कळवावे. दर तिमाहीनंतर खात्याच्या वार्षिक करपत्रकात आपल्या नावावर कर जमा दिसतो का ते पाहावे. पहिल्या तिमाहीचे विवरण मालकाने ३१ जुलैपर्यंत द्यावयाचे असते, म्हणून ऑगस्टमध्येही रकाना रिकामा दिसला तर तो धोक्याचा कंदील समजावा. अशा वेळी एकट्याने पत्र लिहिण्यापेक्षा शंभर जणांनी एक पत्र लिहावे. दोन्ही मालकांकडून कर-कपातीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. जुन्या कायद्यात 'नमुना १६' या नावाने ते १५ जूनपर्यंत देणे मालकावर बंधनकारक होते आणि न दिल्यास दिवसाला ५०० रुपये दंड होता. हे ज्ञान संघटनेच्या कचेरीत, कामगारांच्या वस्तीत, शनिवारी संध्याकाळी तासभर बसून, मराठीत व कन्नडमध्ये समजावून देता येण्यासारखे आहे.

पण समजावून देण्याने रचना बदलत नाही. त्यासाठी मागण्या हव्यात. कापलेला कर सरकारजमा झाल्याचा पुरावा मालकाने दरमहा वेतनचिठ्ठीसोबत दिला पाहिजे. नोकरी सोडणाऱ्याला कराचे प्रमाणपत्र शेवटच्या हिशेबाबरोबरच मिळाले पाहिजे. वेतनचिठ्ठीवर कपात दिसत असेल तर कामगाराला त्याचे पूर्ण श्रेय मिळावे आणि वसुली मालकाच्या मालमत्तेतून व्हावी, त्यासाठी कोणालाही उच्च न्यायालयात जावे लागू नये. केवळ नोकरी बदलल्यामुळे कमी पडलेल्या करावर व्याज लावू नये. परतावा उशिरा देणाऱ्या सरकारने त्याच दराने व्याज द्यावे ज्या दराने ते घेते. नोकरी गेलेल्याला जास्त कापलेला कर वर्षअखेरीची वाट न पाहता परत मिळावा. कामावरून कमी केलेल्यांच्या भरपाईची करमुक्त मर्यादा आजच्या किंमतींना साजेशी व्हावी. यांतील एकही मागणी तिजोरीचा न्याय्य पैसा बुडविणारी नाही. तिजोरी आणि कामगार यांच्या मध्ये उभ्या असलेल्या मालकाने आपला हिशेब उघड करावा, एवढेच त्या सांगतात.

वर उल्लेखिलेल्या ७८,७८० रुपयांकडे पुन्हा एकदा पाहावे. तो कर न्याय्य असेल, तो भरलाही पाहिजे. पण तो किती आहे, कधी द्यावयाचा आहे, कापला गेला तर कोठे गेला आणि जास्त गेला तर केव्हा परत येईल, या चार प्रश्नांची उत्तरे वेतन मिळविणाऱ्याला वेतनाच्या दिवशीच मिळाली पाहिजेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये होसूर रस्त्यावर बसलेल्या स्त्रियांनी याहून वेगळे काही मागितले नव्हते.